छंदांचे खाडे

संपादकांचा फोन आला. "सरत्या वर्षातल्या तुमच्या आवडत्या गोष्टींवर लिहा. वैयक्तिक हवं, पण वाचकांना आपलंही वाटलं पाहिजे." म्हणजे आवड माझी चालेल, फक्त ती माझी एकट्याची असता कामा नये. मी हो म्हटलं. मानधनाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. हा संकोच आमच्यात जुना आहे.

अशा याद्या मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी पुरवणीत मान्यवरांच्या आवडी छापून येतात. कुणाला आइसलँडचा एखादा लघुपट भावलेला असतो, कुणी काफ्का पुन्हा वाचलेला असतो, कुणाला हिमालयातल्या एका पहाटेनं अंतर्मुख केलेलं असतं. गाळणी बदलली आणि चहात चोथा यायचा थांबला, हे मात्र कुणाच्याच वर्षातलं सुख नसतं. मान्यवर चहा गाळत नसावेत.

मीही त्याच चालीवर यादी केली. ज्वारीची भाकरी स्वतः थापणं, रोज दहा हजार पावलं, गडकिल्ले, मराठी सिनेमा, दिवाळी अंक आणि शाईचं पेन. वाचून माझा मलाच आदर वाटला. मग ती हिला दाखवली. हिनं चष्मा लावला, यादी वाचली आणि एक शब्द न बोलता स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं.

जयंतराव साळगावकरांनी 1973 साली कालनिर्णय सुरू केलं तेव्हा तिथी, सण, मुहूर्त सगळ्याची सोय केली. मराठी घरांनी त्या चौकोनांचा खरा उपयोग शोधला तो दुधाच्या हिशेबासाठी. दूध आलं नाही की फुली. कामाच्या बाई आल्या नाहीत की गोल. महिनाअखेरीला फुल्या मोजून पैसे कापायचे. (गोल मोजून कापायचे का, यावर आमच्याकडे दरमहा चर्चा होते आणि कापले जात नाहीत.) 2025 च्या आमच्या कालनिर्णयात मात्र आणखी एक खूण होती. पेन्सिलीनं काढलेला बारीक त्रिकोण.

"हे काय?"

"तुमचे खाडे."

"आणि पेन्सिलीनं का?"

"परत सुरू केलंत तर खोडता यावेत म्हणून."

खोडलेला एकही दिसला नाही.

भाकरीपासून सुरू करतो, कारण वर्षाची सुरुवात तिनंच झाली. संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं 2023 चं. आमच्याकडे ते दोन वर्षं उशिरा पोचलं. जानेवारीत एका शेतावर हुरडा खायला गेलो होतो. आगटीतली गरम कणसं, लसणाची चटणी, दही, गूळ. तिथल्या मावशी गप्पा मारता मारता, हाताकडे न बघता भाकरी थापत होत्या. न बघता होणारी कामं सोपी असतात, असा माझा समज झाला. परतताना मी काठवट घेतली. घरी आल्यावर लोखंडी तवा मागवला. मग जात्यावर दळलेलं ज्वारीचं पीठ मागवलं, पाच किलो, कारण पाच किलोवर सवलत होती.

गव्हाच्या कणकेत ग्लूटेन असतं, म्हणून पोळी ताणली तरी फाटत नाही. ज्वारीत ते नसतं. म्हणून पिठात कढत पाणी घालायचं, तळव्याच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं आणि लगेच थापायला घ्यायचं. पीठही ताजं लागतं. जुनं झालं की त्याची विरी जाते आणि मग ते कुणाचंच ऐकत नाही. माझ्या सवलतीच्या पिठाची विरी पोत्यातच गेली होती. पहिली भाकरी थापता थापता हुबेहूब महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. उचलताना कोकण वेगळं झालं. तव्यावर टाकल्यावर पिठाची बाजू वर ठेवून तिच्यावर पाणी फिरवायचं असतं. ते पाणी शोधेपर्यंत मराठवाड्याला तडे गेले. विदर्भ तेवढा फुगला.

आणि त्याच वेळी माझं मनगट थरथरलं. घड्याळ माझं अभिनंदन करत होतं. दीड भाकरी थापण्यात माझी दोनशे चौदा पावलं झाली होती, पायाखालची फरशी न बदलता.

हे घड्याळ म्हणजे यादीतली दुसरी आवड. मनगट हललं की त्याला माणूस चालतोय असं वाटतं. मी प्रामाणिक माणूस आहे, पण ती दोनशे चौदा पावलं मी परत केली नाहीत. रोज दहा हजार करायची म्हणजे काही वरकड उत्पन्न लागतंच. बागेतल्या मंडळींना वाटतं की दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्रानं संशोधन करून काढला. तो काढला जपानमधल्या एका कंपनीनं. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 साली, तिनं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. यंत्र मागे पडलं, नावातला आकडा मात्र जगभर चालत सुटला. ही माहिती मी बागेतल्या बाकावर बसून सगळ्यांना सविस्तर सांगतो. सांगून होईपर्यंत ऊन चढतं आणि मी चार हजारांवर घरी येतो.

मार्चमध्ये एकदा घड्याळ चार्जिंगला लावायचं म्हणून काढून ठेवलं होतं, ते हिनं सहज हातात घातलं. केर, भांडी (त्या दिवशी कालनिर्णयात गोल होता), पोळ्या, ओट्याची पुसापुशी, गच्चीत कपडे वाळत घालणं. दुपारी एक वाजता ते घड्याळ फटाके फोडायला लागलं. दहा हजार झाले होते. मला वर्षभरात त्यानं ते फटाके कधी दाखवले नव्हते; तशी सोय त्यात आहे हेच मला त्या दिवशी कळलं. हिनं ते काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "याला गप्प करा, मला पडायचंय जरा." त्यानंतर मार्च महिन्यात त्रिकोणच त्रिकोण आहेत.

11 जुलैला बातमी आली की मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. ऊर भरून आला आणि ऊर भरून आला की मी दुकानात जातो. बूट घेतले, अंगभर रेनकोट घेतला, डोक्याला बांधायची बॅटरी घेतली. (जाणार सकाळी होतो.) रायगड, राजगड, साल्हेर हे पुढे बघू, असं ठरवून पायऱ्यांचा म्हणून लोहगड निवडला, आणि वार निवडला रविवार. माझ्यासारखाच ऊर भरून आलेले काही हजार लोक तिथे आधीच पोचले होते. पायथ्यापासून रांग. गणेश दरवाज्यापर्यंत यायला तास गेला. पुढचा नारायण दरवाजा, तिथे एक अख्खं कुटुंब कमानीखाली फोटो काढत होतं आणि आजोबांचे डोळे प्रत्येक फोटोत मिटत होते. रांग थांबली. मुसळधार पावसात जागतिक वारशाच्या मधोमध मी पाऊण तास एका अनोळखी माणसाच्या छत्रीचं पाणी मानेवर घेत उभा होतो. हनुमान दरवाजा आणि महादरवाजा वर तसेच राहिले, विंचूकाटा त्याच्याही पलीकडे राहिला. खाली येऊन कांदाभजी खाल्ली. ती अतिशय आवडली. यादीत 'गडकिल्ले' असं लिहिलंय ते बहुधा तिच्यामुळे.

सिनेमाचं थोडक्यात सांगतो. 'साबर बोंडं'ला सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं तेव्हापासून मी त्या चित्रपटाची तारीफ करतोय. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. वेळ गैरसोयीची होती. तारीफ अजून चालू आहे.

दिवाळी अंकांची परंपरा 'मनोरंजन'नं 1909 साली घालून दिली आणि ती पुढे नेण्यासाठी मी दरवर्षी सात अंक विकत घेतो. यंदाच्या सातांपैकी पाचांवरचं प्लास्टिक अजून शाबूत आहे. ही वाचनालयाची वर्गणी भरते आणि अंक बदलून बदलून आणते. तिचे एकवीस वाचून झाले. मला कुणी 'यंदा काय वाचलं' विचारलं तर मी तिचे वापरतो.

राहिलं शाईचं पेन. मराठीला अभिजात दर्जा मिळाला 3 ऑक्टोबर 2024 ला. अभिजात भाषेत आता बॉलपेननं लिहायचं बरं दिसत नाही, असं वाटून ते घेतलं. त्यानं तीन सदरे निळे केले. यादी त्यानंच लिहिली होती. पण गॅस नोंदवल्याचा नंबर, लाइट बिलाची तारीख, डॉक्टरांनी फोनवर सांगितलेल्या गोळीचं नाव हे सगळं वर्षभर मी ज्या पेनानं लिहिलं ते कालनिर्णयाच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं आहे. पाच रुपयांचं. टोपण नाही. त्याचा एक खाडा नाही.

महिने उलटता उलटता मी नोव्हेंबरवर आलो. 2 तारखेच्या चौकोनात त्रिकोण नव्हता. फुली नव्हती, गोल नव्हता. तिथे हिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दूध अर्धा लि. जास्त'.

मला आठवेना. हिला आठवलं. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, नवी मुंबईत. पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. आपल्या 298. शफाली वर्मा उपांत्य सामन्याच्या तोंडावर संघात आलेली, तिनं 87 केल्या आणि वर दोन बळीही घेतले. आम्ही जेवायचं विसरलो होतो. समोर दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट शंभर करून ठाण मांडून बसली होती. तिनं चेंडू उंच मारला आणि अमनजोत कौर त्याच्याखाली धावत आली. चेंडू हातातून सुटला, पुन्हा उडाला, पुन्हा सुटला. त्या क्षणी मी जो पाट मोडकाय म्हणून टाकून द्यायला काढला होता, त्याच पाटावर उकिडवा बसलो होतो, का ते आता सांगता येणार नाही. तिसऱ्या प्रयत्नात तिनं तो धरला. हिनं माझा हात धरला होता, तो जाहिराती लागल्यावर सोडला. बावन्न धावांनी जिंकलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. मग कॉफी केली, शेजारचे आले, पुन्हा कॉफी केली, म्हणून दूध. त्या रात्रीसाठी मी काहीही विकत घेतलं नव्हतं. घड्याळसुद्धा चार्जिंगला होतं.

मी यादी खोडली आणि तेवढंच लिहून संपादकांना पाठवलं. त्यांचा फोन आला. "छान आहे, पण एक सामना आणि दूध? जरा व्यापक करा ना. काही मूल्य, काही परंपरा, काही मातीतलं." पूर्वीची यादी हाताशी होतीच. ती छापून आली. भाकरीच्या परिच्छेदाला तर रंगीत चित्रही होतं, गोल भाकरीचं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी अभिनंदन केलं. एका वाचकानं पत्र पाठवून पिठाचं प्रमाण विचारलंय. हिनं त्याला उत्तर लिहिलं, माझ्या नावानं.

या सगळ्यातून मला खाडे ठेवण्याचं शास्त्र मात्र मनापासून आवडलं. माणसाला त्याच्या वर्षाचा खरा हिशेब दाखवणारी याहून सोपी रीत नाही. नव्या वर्षाचं कालनिर्णय मी स्वतः टांगलं आणि यंदा खाडे मीच ठेवणार, असं जाहीर केलं. त्यासाठी तीन प्रतींच्या पेन्सिली आणल्या, एक जर्मन खोडरबर आणलं, टोक करायचं छोटं पितळी यंत्र आणलं. पहिले चार दिवस फुल्या, गोल, सगळं वेळच्या वेळी आणि सुबक.

आज सात तारीख. पाचच्या चौकोनात पेन्सिलीचा एक बारीक त्रिकोण आहे. तो मी काढलेला नाही.