सेव्ह अ‍ॅज सर

खाली खतांचे दुकान, बाजूने अरुंद जिना, जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग आणि वर दहा-बारा संगणक. सावद्यात कॉम्प्युटर क्लास शोधायला पाटी वाचावी लागत नाही, चपला दिसल्या की वर चढायचे. वर भेटणारे सर पन्नाशीकडे झुकलेले, खिशाला दोन पेन आणि गळ्यात ओळखपत्रासारखा पेनड्राइव्ह. त्यांना आईबापांनी ठेवलेले नाव आहे, पण गावाने त्यांना कधीच ‘सेव्ह अ‍ॅज सर’ करून टाकले आहे. रावेर, फैजपूर, यावल, कुठेही जा, या जातीचा एक माणूस सापडतोच. फक्त खालचे दुकान बदलते.

सरांचे म्हणणे असे की वेबपेज लिहायला कोणालाही येते, माणूस उघडा पडतो तो सेव्ह करताना. बारावीच्या आयटी विषयात एचटीएमएलची प्रात्यक्षिके असतात, त्यामुळे उघडे पडणाऱ्यांची ताजी आवक दर वर्षी होते. मुलगा नोटपॅड उघडतो, ‘माझे गाव सावदा’ असे पान लिहितो, केळीच्या बागेचा फोटो लावतो, फाइलला ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ असे नाव देतो आणि मोठ्या आशेने तिच्यावर डबल क्लिक करतो. ब्राउझर उघडायचा, तर पुन्हा नोटपॅडच उघडते. पान नाही, फोटो नाही, नुसते कंस.

“सर, मी तं नीट सेव्ह केली व्हती!”

या वाक्याची सर दिवसभर वाट पाहत असतात. ते उठून येत नाहीत, जागेवरूनच विचारतात, “आडनाव काय?” नवा मुलगा स्वतःचे आडनाव सांगतो. जुनी बॅच हसते.

आडनाव म्हणजे फाइलच्या नावातल्या शेवटच्या टिंबापुढचा तुकडा. सेव्ह अ‍ॅजच्या खिडकीत नावाखाली ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’ अशी चौकट असते आणि तिथे ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ तसेच राहिले, तर नोटपॅड मागून गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवू शकतो. वर कडी म्हणजे विंडोज ओळखीच्या प्रकारांची आडनावे मुळातच लपवून ठेवते. त्यामुळे फाइल असते ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी’, दिसते मात्र ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’. ओळखीच्या माणसाचे आडनाव कशाला सांगायचे, हा मायक्रोसॉफ्टचा विचार. ज्या गावात निम्मे पाटील आणि उरलेले चौधरी, तिथे हा विचार चालायला हरकत नव्हती, पण सरांना तो मान्य नाही. “नुसती केळीची बाग म्हणून भागतं का रे भो? मृगबाग का कांदेबाग, सांगावं लागतं ना? जूनची लागवड वेगळी, ऑक्टोबरची वेगळी.” मग ते व्ह्यू मेनूतून सगळ्यांची आडनावे उघडी करायला लावतात. पोरे बिचकतात, कारण डेस्कटॉपवरच्या प्रत्येक फाइलला एकाएकी शेपूट फुटते.

यावर सरांचे दोन उतारे आहेत. एक म्हणजे त्या चौकटीत ‘ऑल फाइल्स’ निवडणे. दुसरा त्यांचा लाडका: नावाला दोन्ही बाजूंनी दुहेरी अवतरणचिन्हे लावणे. याला ते ‘मुंडावळ्या बांधणे’ म्हणतात. मुंडावळ्या बांधलेल्या नावाला नोटपॅड हात लावत नाही, जसे दिले तसे ठेवतो. मात्र त्या कीबोर्डवरच्या सरळ हव्यात. एका हुशार मुलीने पानाचा मजकूर वर्डमधून उचलून आणला आणि लिंकभोवती वर्डच्या वाकड्या, वळणदार मुंडावळ्या आल्या. लिंक लागेना. सरांनी तो सबंध तास वाकड्या आणि सरळ मुंडावळ्यांतल्या फरकावर घेतला. मुलगी पुढच्या आठवड्यात टायपिंगच्या क्लासला गेली.

खरे नाट्य तिसऱ्या चौकटीत, एन्कोडिंगच्या. जुन्या नोटपॅडमध्ये तिथे आपोआप ‘एएनएसआय’ असायचे, आणि नेहमीच्या इंग्रजी विंडोजवर त्या एएनएसआयला मराठी येत नाही. सेव्ह करताना नोटपॅड लांबलचक इशारा द्यायचा की बाबा रे, यातली युनिकोड अक्षरे जातील, पुढे जाऊ का? खानदेशी माणूस इंग्रजी इशाऱ्याला नाही म्हणत नाही. तो ओके दाबायचा. पुन्हा फाइल उघडली की ‘सावदा’च्या जागी पाच प्रश्नचिन्हे. सावदा हा शब्द तीन अक्षरी, मग प्रश्न पाच कसे, असे सर फळ्याकडे तोंड करून विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात: स, काना, व, द, काना. संगणक काना वेगळा मोजतो. यूटीएफ-८ मध्ये साठवले तर या पाचांना प्रत्येकी तीन, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात. “गावाचं नाव पंधरा बाइटांचं आहे, ते एका ओकेत घालवू नका.” एकदा प्रश्नचिन्हे झाली की मागे फिरणे नाही. काना गेला तो गेलाच.

यूटीएफ-८ ची जन्मकथा सर दर बॅचला सांगतात. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक जेवायला बसले होते आणि थॉम्पसनने ही रचना टेबलावरच्या कागदी मॅटवर मांडली. “आणि आपण शेवभाजी येईपर्यंत काय करतो? नगरपालिकेचं राजकारण.” त्या मॅटबद्दल सरांना इतकी आत्मीयता आहे की ऐकणाऱ्याला वाटावे, शेजारच्या टेबलावर तेच बसले होते.

सर मुळात लग्नपत्रिकांतून या धंद्यात आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर त्यांनी पंचक्रोशीतली लग्ने लावली. त्या काळच्या फॉन्टांत मराठी हा नुसता मुखवटा होता. पत्रिका फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की वर-वधू, मामा आणि आहेर सगळेच इंग्रजी कचरा होऊन बाहेर पडायचे. पुढे २००१ साली एमकेसीएल निघाली, एमएस-सीआयटी सुरू झाली, सरकारी नोकरांना ती सक्तीची झाली आणि सरांच्या बाकांवर तलाठी व गुरुजी येऊन बसले. विंडोज एक्सपीवर मराठी सुरू करायची तर एका चौकटीत टिक करावी लागे. त्या ओळीत थाई भाषेचे नाव होते, मराठीचे नव्हते. टिक केली की संगणक एक्सपीची मूळ सीडी मागायचा आणि ती तालुक्यात कोणाकडेच नसायची. शेवटी मंगल फॉन्टमध्ये मराठी उमटली, तेव्हा सरांनी बॅचला सांगितले की ही अक्षरे र. कृ. जोशींनी घडवली आहेत, आपल्या माणसाने. त्याच क्षणी भारनियमनाची वेळ झाली. लाइट गेली आणि सेव्ह न केलेली सगळी मंगल अक्षरे तिच्याबरोबर गेली. कंट्रोल-एसची सवय सरांना तेव्हापासूनची. फोनवर बोलतानाही त्यांची डावी करंगळी आणि अनामिका टेबलावर ते दाबत असतात.

सर स्वतः चुकत नाहीत असे नाही. केळीच्या एका व्यापारी मित्रासाठी त्यांनी वेबपेज केले. घरच्या संगणकावर घडाचा फोटो झकास दिसला, सर्व्हरवर चढवल्यावर दिल्लीच्या ग्राहकाला नुसती रिकामी चौकट. कॅमेऱ्याने फोटोच्या आडनावातले ‘जेपीजी’ कॅपिटलमध्ये लिहिले होते, सरांनी पानात स्मॉलमध्ये. विंडोजला दोन्ही सारखेच, लिनक्सच्या सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी कुळे. व्यापाऱ्याने महिनाभर चहा पाजला नाही. तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात ‘सगळे स्मॉल, मध्ये जागा नको’ असे लिहिलेले आहे आणि ते पुसायची कोणाची हिंमत नाही. ते का लिहिले, हे मात्र सर कोणाला सांगत नाहीत.

२०१९ च्या मे महिन्यात विंडोज १० चे नवे अपडेट आले आणि नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करू लागला. प्रश्नचिन्हे बंद. अर्ध्या तासाचे व्याख्यान, पंधरा बाइट, न्यू जर्सीचे हॉटेल, सगळे एका अपडेटने निरुपयोगी. सरांना आनंद व्हायला हवा होता. ते चार दिवस उन्हाळ्यातल्या पाणी तुटलेल्या केळीसारखे दिसले. पोरांची मराठी पहिल्याच फटक्यात सेव्ह होत होती आणि कोणी हाकच मारत नव्हते.

परवा मात्र एक मुलगा धापा टाकत जिना चढून आला. त्याने पान घरी लिहिले, व्हॉट्सअ‍ॅपवर मामाला पाठवले, आणि मामाच्या मोबाइलवर पान उघडायच्या ऐवजी नुसते कंस दिसत होते. सरांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला, फाइलचे पूर्ण नाव शेवटपर्यंत वाचले आणि जिन्यात चपला घालत असलेल्या आधीच्या बॅचलाही परत वर बोलावले.