चालता गड

कतारमधला सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून जेमतेम १०३ मीटरवर आहे. आमच्या पुण्यात पर्वतीला पायऱ्याच मुळी १०३! हे ऐकून आमच्यातला नागपूरकर खूश झाला, कारण चढण हा प्रकार त्याला मनापासून नामंजूर. पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या कोल्हापूरकराचं तोंड मात्र पडलं. ‘गड नाही, तर माणसं सुट्टीत करतात काय?’

आम्ही राहतो ते बिरकत अल अवामेर म्हणजे दोह्याच्या दक्षिणेला पसरलेली गोदामांची वस्ती. ट्रेलरचे भोंगे आणि दोन शेडच्या मधून दिसेल तेवढं आभाळ, हाच इथला निसर्ग. म्हणून थंडीतल्या एका शुक्रवारी पहाटे सायकली काढल्या. मेसईदमार्गे सीलाइनचा किनारा गाठायचा, तिथून पुढे पायी वाळूचे डोंगर चढायचे, असा बेत.

जाताना सायकली नुसत्या पळत होत्या. ‘स्टॅमिना आहे अजून,’ असं प्रत्येकाने एकदा तरी म्हणून घेतलं. स्टॅमिना कुणाचा ते येताना समजलं. वायव्येकडून येणारा ‘शमाल’ वारा सकाळी पाठीशी होता, संध्याकाळी तोच छातीवर बसला. उतारावरसुद्धा पेडल मारावं लागतं, हे ज्ञान सह्याद्रीत कधी मिळालं नव्हतं.

जाताना वाटेत मेसईदच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या. कतारचं पहिलं कच्चं तेल १९४९च्या अखेरीस याच बंदरातून बाहेर गेलं. ‘आणि आपण तेल न जाळता आलो,’ नागपूरकर अभिमानाने म्हणाला. त्याच्या चेनला तेलाचा थेंबही नव्हता हे लांबूनच ऐकू येत होतं.

सीलाइनला डांबर संपतं. पुढे खोर अल अदैदपर्यंत, म्हणजे वाळवंटात आत शिरलेल्या त्या समुद्रापर्यंत, रस्ता असा नाहीच. मोठ्या गाड्या इथे चाकांतली हवा कमी करतात आणि मग वाळूत उतरतात. ते पाहून कोल्हापूरकराने सायकलचीही हवा सोडली. चाक वाळूत रुतलं ते रुतलंच. आणि पंप? तो खोलीवर, दाराच्या खिळ्याला. शेजारी सवारीसाठी सजवून बसवलेला उंट हे सगळं रवंथ करत बघत होता. एवढा शांत तुच्छतेचा कटाक्ष मी आजवर फक्त बँकेच्या काउंटरवर पाहिलाय.

मग पायी. टेकडीवर दोन पावलं वर टाकली की दीड पाऊल खाली येतं. शेवटी रांगत माथा गाठला. एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत वाळू, आणि चपातीवरच्या शेंगदाण्याच्या चटणीत दोन्हीकडचा वारा. दाताखाली कचकच होत होती, तरी डबा पुसून खाल्ला.

कोल्हापूरकराला अखेर गड सापडला. तिथल्या तिथे बुरुज, चोरदरवाजा, दारूकोठार अशा जागा ठरल्या. नावावरून वाद रंगणार, तेवढ्यात मी सांगितलं, की या टेकड्या एका जागी राहत नाहीत. वारा त्यांना कणाकणाने आग्नेयेकडे ढकलत नेतो आणि किनाऱ्याला पोचलेल्या टेकड्या शेवटी समुद्रात जातात.

कोल्हापूरकर गप्प झाला. नागपूरकर चटणीचं बोट चाटत म्हणाला, ‘मंग बिघडलं काय? आज गिरिदुर्ग आहे, उद्या जलदुर्ग होईल. चढायची कटकट तर मिटन!’