बाकडं दिसत राहावं म्हणून

कॅसलरॉकमध्ये झाड लावणं हा गुन्हा नाही, पण आगाऊपणा नक्की आहे. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या या टोकाला बी नुसतं खाली पडावं लागतं. पुढचं सगळं पाऊस बघतो. भिंतीतून पिंपळ निघतो, कौलांवर नेचे डोलतात, आणि जूनमध्ये दोरीवर विसरलेला टॉवेल जुलैत वनस्पतिशास्त्राच्या कक्षेत जातो. आसपास काळी व्याघ्र प्रकल्पाचं सुमारे 1300 चौरस किलोमीटर रान. अशा गावात लोकांनी हौसेनं सार्वजनिक बाग करावी आणि स्वतः खपून ती राखावी, ही कल्पना माझ्या सासऱ्यांची.

सासरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. मीटरगेजच्या काळात स्टेशनास्टेशनावर त्यांनी फुलांचे वाफे आणि चुना लावलेले दगड पाहिलेले. 1961 पर्यंत कॅसलरॉक हे आपल्या बाजूचं शेवटचं स्टेशन. पलीकडे पोर्तुगिजांचा गोवा. "सरहद्दीचं गाव हाय आपलं, आणि चार माणसं टेकतील अशी एक जागा नाही," ही त्यांची खंत. जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. रस्त्याच्या वळणावरचा एक त्रिकोणी तुकडा. त्याच्यावर आजवर कुणी हक्क सांगितला नव्हता, कारण तो कुणाला दिसलाच नव्हता. पुरुषभर उंचीची रानमोडी माजली होती त्यावर.

तज्ज्ञ म्हणून मला नेमलं. पुण्याच्या जावयाला ही नेमणूक अक्षता पडतानाच मिळते, विषय नंतर ठरतात. शिवाय माझ्यामागे टेकडीचा अनुभव होता. पुण्यात सकाळी टेकडी चढणारा माणूस स्वतःला प्यायला घोटभर आणि दत्तक रोपाला पाच लिटर पाणी घेऊन जातो. त्या रोपाला नाव असतं, आळं असतं, आणि बायकोच्या वाढदिवसापेक्षा जास्त लक्षात राहणारा वाढदिवस असतो. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि पोटातून बोगदे जाणार म्हटल्यावर एप्रिल 2023 मध्ये हीच मंडळी मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरली. मुंबईत ओव्हल मैदानासाठी तिथल्या रहिवाशांच्या संघटनेनं कोर्टाची पायरी चढून मैदान मार्गावर आणलं. ही सगळी उदाहरणं मी पहिल्याच सभेत दिली. लोकांनी ती जावयाला द्यायच्या आदरानं ऐकली, म्हणजे चहा येईपर्यंत.

सभा तीन भाषांत झाली. प्रस्ताव मराठीत आला, विरोध कोकणीत झाला आणि समारोप कन्नडमध्ये. हिंदी रेल्वेत नव्यानं बदलून आलेल्या मंडळींसाठी राखून ठेवली होती. त्यांनी ती वापरली नाही. मुख्य हरकत एका कुणबी आजींची. "बाग कशाला? रान कमी पडतंय काय तुमास्नी?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं, म्हणून आजींना समितीवर घेतलं.

काय लावायचं यावर मात्र एकमत झालं: शोभेची झाडं. तिथं मराठी शाळेतल्या बाईंनी हात वर केला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आज रानात पाऊल टाकू न देणारी घाणेरी हीसुद्धा कुणी तरी शोभेसाठीच आणली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात साहेबांनी हे झाड कौतुकानं लावलं. एकाच झुबक्यात गुलाबी, पिवळी, केशरी फुलं पाहून बंगल्याबंगल्यांतून मागणी आली. मग पाखरांना तिची फळं आवडली, आणि दोनशे वर्षांत ती देशभरच्या जंगलांत शिरली. "तेव्हा जे काय लावायचं ते जरा विचार करून," असं म्हणून बाई बसल्या. सभेत शांतता पसरली. साहेबाच्या बागेचा कचरा आपण अजून उपटतोय, हे सगळ्यांना एकदमच उमगलं असावं. शेवटी जास्वंद, तगर आणि मोगरा ठरले. इतिहासात यांच्यावर एकही गुन्हा दाखल नाही.

पहिल्या श्रमदानाला गाव लोटलं. रानमोडी निघाली, दगड निघाले, आणि खाली एक सिमेंटचं बाकडं सापडलं. म्हणजे ही बाग आमच्याआधीही कुणी तरी केलेली होती! मला यात पुरातत्त्व दिसलं, सासऱ्यांना अपशकुन. त्यांनी बाकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, ही आपल्या अगोदरची समिती."

मग जून लागला. पुण्यात वर्षभराचा मिळून साधारण 700 मिलिमीटर पाऊस होतो. कॅसलरॉकला जुलैतले पंधरा दिवस मनावर घेतात आणि तेवढं काम आटपून टाकतात. टेकडीवर बाटलीनं पाणी पाजणारा मी इथं मोगऱ्याच्या मुळाशी साचलेलं पाणी वाटीनं उपसत होतो. तगर वाहून गेली. जास्वंदीचा शेंडा रात्रीतून गव्यानं खाल्ला आणि जाताना वाफ्याच्या मधोमध अभिप्राय ठेवून गेला. जळवांनी तर उपस्थिती अशी लावून धरली की कोणत्याच समितीत सदस्यांनी तशी लावली नसेल. पायाला मीठ आणि तंबाखूचं पाणी चोळून आम्ही जायचो. जळवा ते चटणीसारखं घ्यायच्या.

इथून समितीला गळती लागली. सासऱ्यांनी ती रेल्वेच्या भाषेत समजावून सांगितली. गोव्यातल्या कुळ्याहून ब्रागांझा घाट चढून येणारी गाडी एका इंजिनाच्यानं वर येत नाही. 37 फुटांत 1 फूट असा चढ. म्हणून पाठीमागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणायचं. "लोकांच्या कामाचंही तसंच. पुढं ओढणारा एक, मागून ढकलणारे चार. आणि बँकर कुठं सोडतात, ठावं हाय? कॅसलरॉकला."

ऑगस्टअखेर बागेत तीन सदस्य आणि एकच जोमदार वेल उरला. तो आजींचा. फुलांच्या वाफ्यात त्यांनी कधी तरी गुपचूप कोनाचा कंद पुरला होता. जोयड्याचे कुणबी कितीतरी जातींचे कंद पिढ्यान्‌पिढ्या जपून आहेत, त्यांचा जोयड्याला मेळाही भरतो. तेव्हा आजींच्या दृष्टीनं आम्हीच बागेत घुसखोरी करत होतो. वेलानं बाकडं पाठीमागून कवेत घेतलं, आणि बागेत काही तरी वाढतंय म्हणून आम्ही त्याचा फोटो काढून गटावर टाकला. पुढं कंद काढायची वेळ आली तेव्हा साळिंदरानं आदल्या रात्री येऊन ते काम केलं. आजी एवढंच म्हणाल्या, "त्येचंबी पोट हाय."

याच काळात खऱ्या कार्यकर्त्याशी ओळख झाली. बागेशेजारच्या उंबरावर धनेश यायचे. मोठी चोच, वर तिला शिंगासारखा टोप, आणि उडताना पंखांचा असा आवाज की आधी इंजिन आल्याचा भास व्हावा. दांडेलीच्या या रानात धनेशाच्या चार जाती आहेत. हे पक्षी फळं खातात, मैलभर उडतात आणि बी टाकून देतात. 1973 साली न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी या बाईनं आणि तिच्या मित्रमंडळींनी ओसाड प्लॉटांच्या कुंपणांवरून बियांचे गोळे फेकले, एका पडीक जागेची बाग केली, आणि जगभर त्याचं कौतुक झालं. रास्तच आहे ते. पण धनेश हेच काम विनासभा, विनाबॅनर, कसलाही गट न काढता करतोय. विणीच्या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिच्यासाठी एका फटीतून फळं पुरवत राहतो. हे शाळेतल्या बाईंनी सांगितल्यापासून आमच्या समितीतल्या विवाहित पुरुषांकडे घरून जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

तेव्हा आम्हाला करण्यासारखं काय उरलं? जे धनेश करू शकत नाही ते. दूधसागर धबधब्याला जायचं म्हणून वर्षानुवर्षं लोक कॅसलरॉकला उतरून रुळांच्या कडेनं सुमारे 14 किलोमीटर चालत गेले. आता रुळावरून चालायला बंदी आहे. जुलै 2023 मध्ये तर धबधब्यापाशी रुळावर उतरलेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. निसर्गाच्या सान्निध्यात सामूहिक व्यायामाचा तो या भागातला पहिलाच जाहीर कार्यक्रम असावा. पर्यटक गेले, वेष्टनं आणि बाटल्या राहिल्या. बाटली उगवत नाही आणि कुजतही नाही. एवढ्या मोठ्या रानाला पचत नाही अशी ही एकच वस्तू. म्हणून दर रविवारी आम्ही गावातल्या रस्त्यांवरून पोती घेऊन फिरतो. शाळेची मुलं येतात, कारण बाईंना ती नाही म्हणू शकत नाहीत. बाई येतात, कारण मुलं येतात. मी येतो, कारण सासरे येतात.

बागेत आता आम्ही काही लावत नाही. घाणेरी आणि रानमोडी तेवढी उपटतो आणि बाकडं मोकळं करतो. पुण्यात झाड जगावं म्हणून माणसं जमतात. इथं झाडांना आमची काडीची गरज नाही, त्यामुळे आपण कुणावर उपकार करतोय हा समज पहिल्याच पावसात वाहून जातो. उरतात ती संध्याकाळी कोयता खाली ठेवून बाकड्यावर टेकलेली चार माणसं. त्यांच्यात कुणी सहा महिने कुणाशी बोलत नव्हतं, पण एकाच खोडाची रानमोडी दोघांना ओढावी लागली की बोलावंच लागतं. निदान "सोड" आणि "धर" एवढं तरी. सासऱ्यांना टेकायला जागा हवी होती ती मिळाली. आजीही येतात, आणि बाग कशाला हा प्रश्न दर वेळी नव्यानं विचारतात.

मध्यंतरी एका सरकारी कचेरीतून छापील फॉर्म आला. लोकसहभागातून चालणाऱ्या कामांना म्हणे प्रोत्साहन मिळणार होतं. पहिलाच रकाना: या वर्षी किती झाडे लावली? आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं, "लावली 0. उपटली पुष्कळ." फॉर्म शेरा मारून परत आला: वृक्षतोडीचा खुलासा करावा. खुलाशासाठी तातडीची सभा भरली. मराठी, कोकणी, कन्नड करत प्रश्न दोन चहा चालला, आणि शेवटी धनेशांनी लावलेली झाडं समितीच्या नावावर दाखवावीत असा ठराव एकमतानं मंजूर झाला. धनेशांची लेखी हरकत अजून आलेली नाही.