द्वेषाची राष्ट्रीय सेवा

अमेरिकेत कशावरच एकमत होत नाही. अपवाद एकच: अलाबामा विद्यापीठाचा फुटबॉल संघ हरला पाहिजे. प्रशिक्षक निक सेबन यांनी २००९ ते २०२० या हंगामांत ६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून ही एकजूट निःस्वार्थपणे जोपासली. ज्यांचा स्वतःचा संघ ऑक्टोबरातच गारद होतो, त्यांनाही जानेवारीपर्यंत शिव्या घालायला कुणीतरी लागतंच. ती सोय अलाबामाने वर्षानुवर्षं केली, तीही बिनतिकीट.

२०२४ च्या जानेवारीत सेबन निवृत्त झाले. त्याच ऑक्टोबरात व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाने अलाबामाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी गोलचे खांब उखडून नॅशव्हिलच्या रस्त्यांवरून वाजतगाजत मिरवले आणि कंबरलँड नदीत विसर्जन केलं. एवढी भक्ती लाडक्या संघांच्याही वाट्याला येत नाही.

तरी सेबन यांना सन्मानाने परत बोलवावं. नाहीतर लोकांवर आपापल्या संघाचा खेळ बघायची वेळ येईल.