चोरांचा नकाशा आणि तुमचे चिरंजीव

रेडिंग, इंग्लंड

ती. नाना आणि ती. आई,

पत्रास कारण की, घर ठरलं. फोनवर सांगायला गेले की नाना दोन मिनिटांत "बरं, ठेव आता, बिल वाढतं" म्हणून फोन ठेवतात. व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे त्यांना पटेल तेव्हा पटेल. तोवर कागदावरच सविस्तर लिहिते.

नाना, तुम्ही एवढंच विचारलं होतं, "गल्ली कशी आहे? चोऱ्यामाऱ्या तर नाहीत ना?" जन्मभर पोलीसपाटीलकी केलेला माणूस दुसरं काय विचारणार! पण तुम्ही विचारलंत ते संगणकवाल्या पोराला. "गल्ली बरी आहे" एवढ्यावर थांबेल तर तो तुमचा मुलगा कसला?

त्यात इथल्या पोलिसांनी त्याच्या हाती कोलीतच दिलं आहे. 2011 सालापासून इंग्लंड-वेल्समधल्या गुन्ह्यांचा गल्लीवार नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे. कुठलाही रस्ता उघडा, एखाद्या महिन्यात तिथे काय काय घडलं ते ठिपक्यांत दिसतं. सायकलचोरी, घरफोडी, दुकानातून माल उचलणं, मारामारी, रात्रीबेरात्रीचा धिंगाणा, प्रत्येकाचा खाना वेगळा. हे सध्या तेच वाचत जेवतात. आई, मी शेवभाजीत मीठ घालायला विसरले तेसुद्धा त्यांना कळलं नाही. ताटावरून मान वर करून एवढंच म्हणाले, "या चर्चमागच्या रस्त्यावर सायकली फार जातात."

मग त्यांनी तक्ता मांडला. एका बाजूला आपला देश, एका बाजूला हा. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अहवालात 2022 सालचा भारताचा दर 422. इंग्लंडचा 80च्या पुढे. हे खूश. "बघ, पाचपट सुरक्षित देशात राहतो आपण." तेवढ्यात आपल्या थोरलीने शेजारी बसून खालची बारीक अक्षरं वाचली. आपल्याकडचा आकडा लाख माणसांमागे, इथला हजारामागे. म्हणजे आपले हजारी चार-सव्वाचार आणि इथले ऐंशीच्या वर! क्षणात आम्ही वीसपट चोरांच्या देशात येऊन पडलो. नाना, हे वाचून तुम्ही "मग या निघून" म्हणणार, ठाऊक आहे मला. पण जरा थांबा.

इथे साधी सायकल गेली तरी माणूस पोलिसांना कळवतो, कारण त्यांनी दिलेला नोंदीचा क्रमांक हातात असल्याशिवाय विमावाला दारात उभं करत नाही. आणि आपल्याकडे? वाघूरकाठच्या विहिरीवरची मोटारीची केबल कोणी कापून नेली, तेव्हा तुम्ही स्वतः काय म्हणालात? "जाऊ दे, कापूस वेचायचा आहे, एक दिवस मोडेल." ती केबल गावात सगळ्यांना माहीत आहे, कोणत्याच अहवालात मात्र नाही. उलट आपल्या पहूर ठाण्याच्या दप्तरात आजूबाजूच्या कितीतरी गावांचे गुन्हे चढतात. जळगाव-संभाजीनगर रस्त्यावर कोणी भरधाव गाडी हाकून माणूस मारला तर तो हलगर्जीपणाचा गुन्हाही त्याच दप्तरात. उद्या एखाद्या परदेशी सुनेने नुसता आकडा पाहून पहूरला घर घ्यायचं की नाही हे ठरवलं, तर ती ट्रकवाल्यांना भिऊन जामनेरला जाईल. बरं, पहूर पेठ सुरक्षित की पहूर कसबे, हे तुम्हा दोघांनाच विचारलं तरी घरात दोन निकाल लागतील. आईंचं माहेर कसब्यातलं.

आता इथलं सांगते. ह्यांनी सगळ्यात आधी एका भागावर लाल फुली मारली, नदीकाठचा, स्टेशनपासून चालत जाण्यासारखा, मला आवडलेला. का, तर ऑगस्टमध्ये तिथे ठिपकेच ठिपके. मी विचारलं, ऑगस्टमध्येच का? चोर काय श्रावण पाळतात? शेजारच्या खोलीतल्या मुलाने उलगडा केला. ऑगस्टच्या शेवटी तिथल्या मैदानात गाण्यांची मोठी जत्रा भरते, लाखभर पोरं तंबू ठोकून राहतात. त्यांचे मोबाईल आणि पाकिटं जातात आणि ठिपके बिचाऱ्या शेजाऱ्यांच्या नावावर पडतात. शेंदुर्णीला कार्तिकात त्रिविक्रमाच्या रथाच्या गर्दीत कोणाचं पाकीट मारलं म्हणून शेंदुर्णीला कोणी चोरांचं गाव म्हणतं का? पण फुली ती फुली. गावाच्या मध्यावरच्या मॉलपाशीही तेच. राहणारी माणसं मूठभर, येणारी-जाणारी हजारो, आणि भागाकार राहणाऱ्यांनी. लंडनच्या मधोमध 'सिटी' म्हणून बँकांचा एक भाग आहे, 2021च्या जनगणनेत तिथे जेमतेम साडेआठ हजार रहिवासी होते आणि कामाला लाखो येतात. या हिशेबाने तिथला प्रत्येक रहिवासी लुटला जायला हवा.

आणि ठिपका तरी खऱ्या जागी असतो का? तर नाही. कोणाच्या घरी चोरी झाली ते उघड होऊ नये म्हणून पोलीस तो मुद्दाम सरकवतात. ठरलेले बिंदू आहेत, प्रत्येकाच्या आसपास निदान आठ पत्ते तरी हवेत, नाहीतर एकही नको. जवळचा गुन्हा त्या बिंदूवर नेऊन बसवतात. म्हणजे एका घरावर यांनी "इथे घरफोडी झाली" म्हणून नाक मुरडलं, ती कदाचित मागच्या गल्लीत झाली असेल. हे कळल्यावर ते दोन दिवस गप्प होते. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय! तिसऱ्या दिवशी एकही ठिपका नसलेलं खेडं शोधून काढलं आणि गाडीत घालून आम्हाला दाखवायला नेलं. सुंदर होतं हो. मेंढ्या होत्या, कुंपणं होती, दगडी चर्च होतं. दुकान नाही, बस नाही, रस्त्यावर माणूस नाही. चोरी करायची तर चोरालाही आधी पत्ता विचारावा लागेल, आणि विचारणार कोणाला? मी म्हटलं, दूध कुठून आणायचं? हे म्हणाले, "गुन्हे शून्य आहेत." मी म्हटलं, पोरींची शाळा? "शून्य." मी गाडीत जाऊन बसले.

शेवटी ते म्हणाले, कागदावरचं सोड, रात्री स्वतः फिरून बघतो. ही युक्ती तुमचीच, नाना. गस्त. जी गल्ली मला पसंत होती तिथे हे रात्री दहाला गेले. थंडी होती म्हणून आईंनी विणलेली माकडटोपी, हातात बॅटरी, आणि कोणत्या घरापुढे दिवा आहे, कोणत्या फाटकाला कडी नाही, ते थांबून थांबून वहीत लिहीत होते. अर्ध्या तासात पोलिसांची गाडी शेजारी येऊन उभी राहिली. एका आजीबाईंनी पडद्याआडून पाहून फोन केला होता. पोलीस फार अदबीचे. नाव विचारलं, वही पाहिली. वहीत मराठी. "डावीकडचं तिसरं, मागचं दार कच्चं" हे त्यांना वाचून दाखवताना तुमच्या चिरंजिवांना घाम फुटला म्हणे. सगळं समजावून सांगितल्यावर एक पोलीस हसून म्हणाला, "घर बघायला दिवसा या."

त्यानंतर हे दोन महिने नकाशाची वाट पाहत होते, कारण माहिती तेवढ्या उशिराने चढते. आपला ठिपका पडतो का ते त्यांना बघायचं होतं. पडला नाही. नुसता संशय गुन्ह्यांच्या यादीत धरत नाहीत. जरा खट्टूच झाले.

मी मात्र त्या रात्रीच ठरवलं होतं की घर इथेच घ्यायचं. जिथे रात्री दहाला अनोळखी माणूस फाटकापाशी रेंगाळला तर कोणीतरी पडदा सरकवून पाहतं, ती गल्ली मला ओळखीची वाटली. आपल्या ओट्यावर बायका तेच तर करतात, फक्त पडदा नसतो. इथे याला 'नेबरहूड वॉच' म्हणतात, 1982 साली चेशरमधल्या मॉलिंग्टन नावाच्या खेड्यात सुरू झालं, आता पाट्या लावून करतात.

विम्याचंही झालं. हप्ता पोस्टकोड बघून ठरतो, म्हणजे तो मेला नकाशा तिथेही आहेच. फोनवरच्या बाईने विचारलं, पुढच्या दाराला पाच लिव्हरचं, ब्रिटिश मानक 3621चं कुलूप आहे का? मी टॉर्च लावून कुलपाच्या पट्टीवरचा आकडा वाचला. आहे. आपल्या दाराचा तो सागवानी अडसर सांगितला असता तर तिने हप्ता माफ केला असता.

आई, तुमच्या पाटल्या आणि गोफ माझ्या वाट्याचा म्हणून पाठवायचं मनात आहे, कळलं मला. कृपा करून पाठवू नका. दिवाळी जवळ आली की इथले पोलीस आपल्यासारख्या घरांना मुद्दाम बजावतात की सोनं घरात ठेवू नका. चोरांनाही ठाऊक झालंय की या लोकांच्या कपाटात साड्यांखाली काय असतं. आणि विमावाला एकेका दागिन्याला जी मर्यादा घालतो, त्यात तुमची एक पाटलीही बसणार नाही. बँकेच्या लॉकरात राहू द्या. येताना कळण्याचं पीठ आणि काळा मसाला आणा, त्याला अजून चोर लागलेले नाहीत.

बाकी सर्व क्षेम. पोरींचा आजी-आजोबांना नमस्कार.

आपली सून

ता. क. नाना, तुम्ही उन्हाळ्यात आलात की पहाटे चारला काठी आणि बॅटरी घेऊन फिरायला निघणार, हे मी धरूनच चालले आहे. म्हणून तुमचा फेट्यातला फोटो त्या आजीबाईंना आधीच नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि विचारलं, "हे एकटेच असतील, की वहीवालेही बरोबर असतील?"