पळसाला पानं तीन, रेघा तीन हजार!

काय म्हणावं बाप्पा या लोकांना? भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कमळं सोडली, बगळे सोडले, वैनगंगेवरचा सूर्यास्त सोडला. आणि माणसं काढतायत काय, तर किडक्या शेंगा! भोक पडलेला कोसा! वाळवीनं चाटलेला मोहाचा बुंधा! तेही रंगात नाही, काळ्या शाईनं, ठिपक्याला ठिपका लावून. एका सुकलेल्या बेहड्यावर तीन तीन संध्याकाळी? अहो, तेवढ्यात पेरला असता तर उगवला असता!

बोट दाखवायला अमेरिकेचा जेक पार्कर बरा. त्यानं २००९ साली 'इंकटोबर' सुरू केला: ऑक्टोबरचे ३१ दिवस, रोज एक शाईचं चित्र. आपल्याकडे तेव्हा हलकं धान कापणीला आलेलं. पण मालक धुऱ्यावर मांडी घालून बसलेत, समोर पळसाची वाळकी फांदी! कोणी टोकलंच तर ऐकवतात, ड्यूररनं १५०३ मध्ये साधं गवताचं ढेकूळ रंगवलं, ते आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. असेल. ड्यूररला धान कापायचं होतं का?

वर आणखी शहाणपण: न पुसणाऱ्या इंडियन इंकमध्ये लाख असते, आणि लाखेचा किडा पळसावर पोसतो. म्हणजे पळसाच्याच जिवावर पळसाची तसबीर!

पवनीला जाऊन दोन हजार वर्षांहून जुन्या स्तूपाकडे पाठ करून बसतात, का? तर पायाशी पडलेल्या खुंटाच्या सुरकुत्या फार 'बोलक्या' आहेत म्हणे. एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात ज्यांची बादली कायम कलंडलेली, ते आता 'क्रॉस हॅचिंग'वर प्रवचन झोडतात. शेजारच्या वहिनी तर कावल्याच होत्या: "काहून जी, सरपणालेही हात लावू देत नाही? चुलीत काय तुमची वही घालू?" आठवड्यानं त्याच वहिनी अंगण झाडताना एक जाळीदार पान हळूच पदराआड करताना दिसल्या. विचारलं, तर म्हणाल्या, "पोट्ट्याच्या शाळेसाठी जी!" शाळेला दिवाळीची सुट्टी होती.

आणि तुम्ही काय हसता? आधी पिशवी उलटी करा, बघू किती शेंगा पडतात! माझ्या टेबलावर बेहडा आहे, तो मात्र कोणी कचरा समजून झटकू नका. डाव्या बाजूचे ठिपके राहिलेत.