पाखाडीचं परराष्ट्र खातं

युरोपातला एखादा मंत्री आफ्रिकेत उतरला, मैत्री आणि विकासाचा करार झाला, पेपरात फोटो आला, की श्रीवर्धनच्या आमच्या पाखाडीत अण्णांची पत्रकार परिषद भरते. स्थळ त्यांची ओटी. पत्रकार म्हणजे सुपारी सोलायला बसलेले आम्ही.

"यात नवीन काय? आपल्याकडे हे 1733 सालीच झालंय."

अण्णांचा जन्म 1948 च्या आधीचा, म्हणजे श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होतं तेव्हाचा. नबाब सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. त्यामुळे तो खंड अण्णांकडे वारसाहक्काने आलेला आहे. मुंबईकर इंग्रजांनी 1733 साली आंग्र्यांविरुद्ध सिद्दींशी तह केला, हे खरंच. युरोप-आफ्रिका मैत्रीचा उगम तिथेच, हे मात्र अण्णांचं. त्याआधी सिद्दीचं आरमार पावसाळ्यात माझगावला मुक्कामाला येई. इंग्रजांना ते नकोसं होई, पण पाठीशी औरंगजेब असल्यामुळे 'निघा' म्हणायची सोय नव्हती. शेवटी 1689 मध्ये सिद्दी याकूतने मुंबईवरच स्वारी केली.

"आणि विकास?" कोणीतरी काडी टाकतं.

"बाळाजी विश्वनाथ! सिद्दीच्या जाचाने गाव सोडून घाटावर गेला आणि 1713 साली पेशवा झाला. हाकलला नसता तर इथेच देशमुखी करत बसला असता. याला म्हणतात विकास सहकार्य!"

"तुम्हालाही कोणीतरी वेळेवर हाकलायला हवं होतं," काकू आतून म्हणतात.

काकूंचं बोलणं इतिवृत्तात घेतलं जात नाही.

मग विषय मदतीच्या पैशांवर येतो. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत गरीब देशांना द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांनी 1970 साली ठरवलं. बहुतेकांना ते अजून जमलेलं नाही. स्वीडनला जमलं. न्येरेरेंच्या टांझानियाला त्यांनी भरपूर दिलं, म्हणून स्वीडनवर अण्णांची मर्जी. बाकीच्यांचा हिशेब ते तिथल्या तिथे मांडतात : "शंभर रुपयांत सत्तर पैसे! तेही निघत नाहीत? आमच्या पालखीची वर्गणी बुडवणारेसुद्धा याहून बरे."

इथवर सगळी करमणूक. फोटो मात्र ते निरखून बघतात. देणाऱ्याकडे नाही, घेणाऱ्याकडे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात अण्णांची वाडी आडवी झाली. रोठा सुपारीची झाडं एका दुपारी पडली. नवीन लावलेली धरायला वर्षं लागतात. मग मदत आली. ताडपत्रीचं एक टोक अण्णांच्या हातात, दुसरं पाहुण्यांच्या, आणि समोर मोबाइल.

"हा बघ कसा हसतोय," फोटोतल्या आफ्रिकी मंत्र्यावर बोट ठेवून अण्णा म्हणतात. "मी अस्साच हसलो होतो. ताडपत्री आखूड होती, हे पाहुण्यांदेखत बोलता येत नाही."

परराष्ट्र खात्याने अण्णांना सल्लागार नेमावं असं मी म्हणणार नाही. तीनशे वर्षांचा समुद्र ऐकून घेण्याइतका वेळ कुठल्याच खात्याकडे नसतो. पण मदतीच्या करारावर सह्या करण्याआधी ताडपत्रीची लांबी घेणाऱ्याला विचारावी, एवढा अण्णांचा मसुदा दोन्ही खंडांनी जरूर मंजूर करावा.